नागपूरच्या घरगुती बागेतील हिवाळी फुलझाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली की नागपुरातील रोपवाटिकांमध्ये गर्दी उसळते, फुलांनी भरलेल्या पिटुनियाच्या आणि शेवंतीच्या कुंड्या घरोघरी जातात, आणि जानेवारी उजाडेपर्यंत त्यांतील बऱ्याच रिकाम्या झालेल्या असतात. यात दोष बहुतेक वेळा झाडाचा नसतो, आणि काळजी घेणाऱ्याच्या तळमळीचाही नसतो. चुकलेली असते ती तारीख किंवा जागा. पुढील उत्तरे नागपूरची माती, येथील ऊन आणि येथील पाणी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. पुणे, नाशिक किंवा कोकणासाठी लिहिलेली वेळापत्रके येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

नागपुरात हिवाळी फुलांचा हंगाम नेमका केव्हापासून केव्हापर्यंत असतो?

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पुन्हा एकदा कडक ऊन पडते आणि रात्रीचा गारवा खऱ्या अर्थाने नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. डिसेंबर आणि जानेवारीत किमान तापमान साधारणपणे १० ते १३ अंशांच्या आसपास राहते, दुपार मात्र २७-२८ अंशांची, म्हणजे उबदारच असते. गार रात्र आणि स्वच्छ ऊन असलेला दिवस ही जोडी हिवाळी फुलांना अतिशय मानवते. पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, पॅन्सी, कॅलेंडुला, डेलिया ही सारी मंडळी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत ऐन बहरात असतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ऊन तापू लागते आणि वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात जगून संपणारी, झाडे झपाट्याने बी धरून वाळतात. हाती खरा काळ तीन महिन्यांचाच असल्यामुळे, सुरुवातीला वाया गेलेला प्रत्येक आठवडा फुलांमधूनच वजा होतो.

बी केव्हा पेरावे? दिवाळीनंतर आठवण झाली, तर उशीर झाला असे समजावे का?

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हा नागपुरात हिवाळी बियाणे पेरण्याचा काळ. रोपे चार ते पाच आठवड्यांत लावण्याजोगी होतात, नोव्हेंबरमध्ये ती जागेवर जातात आणि थंडी पडेपर्यंत त्यांचा बांधा भरतो. पॅन्सी आणि पिटुनियासारख्या ज्या बियांना उष्णता सोसत नाही, त्यांचे ट्रे ऑक्टोबरच्या उन्हात सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवावेत.

दिवाळीनंतर बी पेरणे टाळावे. रोप तयार होऊन फुलावर येईपर्यंत जानेवारी संपत आलेला असतो. त्या वेळी तयार रोपे आणणेच शहाणपणाचे, मात्र ती निवडताना सर्वांत जास्त फुलांचे रोप उचलू नये. प्लास्टिकच्या लहान पिशवीत फुललेले रोप बहुधा मुळांनी जखडलेले असते. त्याने आपले बळ फुलांत खर्च केलेले असते आणि कुंडीत गेल्यावर ते वाढत नाही. बुटके, फांद्या फुटलेले आणि एक-दोन कळ्याच दिसत असलेले रोप घ्यावे. घरी आणल्यावर पहिल्या कळ्या खुडून टाकाव्यात. हे जिवावर येते खरे, पण त्याची भरपाई पंधरा-वीस दिवसांत होते.

बी उगवते, पण दोन-तीन दिवसांत रोपे बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. असे का होते?

हा रोपमर नावाचा बुरशीजन्य रोग आहे. दाट पेरणी, संध्याकाळचे पाणी आणि निचरा नसलेली माती ही त्याची तीन कारणे. पिटुनियाचे बी धुळीइतके बारीक असते. ते चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरावे, म्हणजे विरळ पडते, आणि त्यावर माती लोटू नये, कारण उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो. ट्रेमध्ये मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले गांडूळखत घ्यावे, त्यात ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी मिसळावी आणि पाणी वरून न ओतता सकाळी तुषाराने द्यावे. रोपे एकदा आडवी पडू लागली की त्या भागातील रोपे मातीसकट उचलून टाकावीत; ती पुन्हा उभी राहत नाहीत आणि शेजारच्यांनाही घेऊन जातात.

प्रथमच बाग करणाऱ्याने कोणती झाडे निवडावीत?

झेंडू, कॅलेंडुला, डायन्थस, फ्लॉक्स आणि नास्टर्शियम. यांपैकी नास्टर्शियमचे बी वाटाण्याएवढे मोठे असते, ते थेट कुंडीत टोचावे आणि त्याला खत देण्याचा मोह आवरावा. सुपीक मातीत ते नुसती पाने वाढवते. बुटक्या जातीचा झेंडू पेरल्यापासून सुमारे दोन महिन्यांत फुलतो. मोठ्या फुलांच्या झेंडूला अधिक काळ लागतो, म्हणून दसऱ्या-दिवाळीसाठी त्याची तयारी पावसाळ्यातच करावी लागते. झेंडूचा शेंडा महिन्याभराने खुडावा, आणि तो खुडलेला शेंडा फेकू नये. ओल्या वाळूत खोचल्यास त्याला मुळे फुटतात आणि एका रोपाची दोन होतात.

पॅन्सी, स्वीट पी आणि डेलिया थोडा अनुभव आल्यावर घ्याव्यात. पॅन्सीला थंडीच हवी असते, त्यामुळे ज्या वर्षी डिसेंबर उबदार जातो त्या वर्षी ती नाराजच राहते.

शेवंतीचे झाड हिरवेगार आणि भरगच्च आहे, पण नोव्हेंबर संपत आला तरी कळी नाही. खत कमी पडत असेल का?

बहुतेक वेळा खत कमी पडलेले नसते. शेवंतीच्या कुंडीवर रात्री कुठून उजेड पडतो, हे आधी पाहावे.

शेवंती कळी धरते ती दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागल्यावर. नागपुरात जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो, सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखी होतात, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस अकरा तासांहूनही लहान होतो. झाड ही लांबत जाणारी रात्र पानांनी ओळखते आणि वाढ थांबवून फुलाची तयारी करते. ती रात्र अखंड अंधाराची असावी लागते. फाटकावरचा दिवा, रस्त्यावरचा खांब, गॅलरीतील रात्रभर जळणारा बल्ब किंवा दिवाळीपासून तशीच टांगून ठेवलेली दिव्यांची माळ यांचा उजेड झाडावर पडत असेल, तर झाडाच्या लेखी रात्र लहानच राहते आणि ते पानेच वाढवत बसते. एकाच झाडावर हे पाहायला मिळते: भिंतीकडच्या, अंधारातल्या फांद्यांवर हरभऱ्याएवढ्या कळ्या असतात आणि दिव्याकडच्या फांद्या नुसत्या पानांनी तरारलेल्या असतात. अशी कुंडी काळोख्या कोपऱ्यात हलवावी. कुंडी हलवणे शक्य नसेल तर दिवा संध्याकाळनंतर लवकर बंद करावा. लालपत्तीचे, म्हणजे पॉइनसेटियाचे झाडही याच कारणाने हिरवे राहते आणि त्याला हाच उपाय लागू पडतो.

दुसरे कारण उशिरा केलेली खुडणी हे असू शकते. शेवंतीचे शेंडे खुडल्याने झाड भरदार होते, परंतु ऑगस्ट संपल्यानंतर खुडणी करू नये. सप्टेंबरच्या अखेरीस खुडलेला शेंडा म्हणजे बहुधा त्या फांदीवरचे फूलच असते.

शेवंती फुलून गेल्यावर झाड टाकून द्यावे का?

मुळीच नाही. शेवंती ही वर्षानुवर्षे चालणारी ठेव आहे, आणि मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेसाठी दारचीच शेवंती वापरणारी घरे आजही नागपुरात पुष्कळ आहेत. फुले सुकल्यावर फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापाव्यात. जानेवारी-फेब्रुवारीत बुडातून नवे फुटवे येतात. खरे नवे झाड तेच असते, जुने खोड नव्हे. कठीण काळ असतो तो एप्रिल ते जून. या तीन महिन्यांत कुंडी दुपारच्या उन्हापासून पूर्ण वाचवावी, दाट सावलीत किंवा पूर्वेच्या भिंतीशी ठेवावी, आणि माती ओलसर असली तरी चिखल होऊ देऊ नये, कारण उष्णतेत साचलेल्या पाण्याने शेवंतीची मुळे लगेच कुजतात. पावसाची पहिली सर झाल्यावर फुटव्यांचे शेंडे बोटभर लांब कापून वाळूत लावावेत, ऑगस्टमध्ये त्यांना दहा इंची कुंडीत एकेकटे बसवावे आणि महिनाअखेरपर्यंत दोनदा शेंडा खुडावा. मोठे, प्रदर्शनात शोभणारे फूल हवे असल्यास फांदीवरची मधली कळी राखून बाजूच्या कळ्या मसुराएवढ्या असतानाच काढाव्यात. पूजेसाठी आणि हारासाठी मात्र पुष्कळ लहान फुले येऊ देणेच सोयीचे.

‘बिजली’ ही शेवंतीच आहे का?

ती वर्षायू शेवंती आहे. बियांपासून येते, एका हंगामात संपते आणि विदर्भातील हारांत पांढऱ्या-पिवळ्या रंगाने भरून असते. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तिचा ‘बिजली सुपर’ हा वाणही दिलेला आहे. ज्यांना शेवंतीचे वर्षभराचे संगोपन झेपत नाही, त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बिजली पेरावी. खर्च नगण्य येतो आणि फुले भरपूर येतात.

गुलाबाची छाटणी केव्हा आणि किती करावी?

नागपुरात ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा ही योग्य वेळ आहे. पाऊस रेंगाळला असेल तर आठवडाभर थांबावे, कारण ओल्या हवेत कापलेल्या फांदीतून बुरशी आत शिरते आणि शेंड्याकडून खाली काळी पडत जाणारी ‘डायबॅक’ नावाची मर सुरू होते. छाटणीपासून सहा ते सात आठवड्यांनी पहिला बहर येतो, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कापलेला गुलाब नोव्हेंबरच्या अखेरीस फुलतो. ज्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरचे गुलाब हवे असतात, त्यांनी काही झाडांची छाटणी मुद्दाम नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत लांबवावी.

प्रथम वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या पूर्ण काढाव्यात. नंतर पेन्सिलीपेक्षा जाड, निरोगी अशा चार-पाच फांद्या राखून त्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरप्या कापाव्यात. काप आतून पांढराशुभ्र दिसला पाहिजे. मधला गाभा तपकिरी दिसत असेल तर आणखी खाली, पांढरा भाग लागेपर्यंत कापावे. कापलेल्या तोंडाला त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावावी. कलमाच्या सांध्याखालून येणारे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या रानटी गुलाबाचे असतात. ते फार जोमाने वाढतात आणि काही महिन्यांत वरच्या जातीला मारून टाकतात, म्हणून ते वरवर न कापता जिथून निघाले तिथूनच उपटावेत. ‘गुलाब पहिल्या वर्षी लाल होता, आता गुलाबी गावठी फुले येतात’ या तक्रारीमागे बहुधा हेच फुटवे असतात.

खत छाटणीच्या दिवशी टाकू नये. नवे, तांबूस फुटवे दोन इंच वाढले की कुजलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर हाडांचा चुरा द्यावा. फूल सुकले की देठ नुसता मोडू नये, तर पाच पर्णिका असलेल्या पहिल्या सशक्त पानापर्यंत फांदी कापावी. पुढची फांदी तिथूनच दमदार फुटते.

थंडीत आपोआप फुलणारी, फारशी निगा न लागणारी आपली जुनी झाडे कोणती?

हा प्रश्न जितक्यांदा विचारला जावा तितक्यांदा विचारला जात नाही, याची खंत वाटते. दर वर्षी शेकडो रुपयांची वर्षायू रोपे आणून मार्चमध्ये ती फेकण्यापेक्षा, एकदा लावून वर्षानुवर्षे फुलणारी झाडे बागेचा कणा म्हणून ठेवावीत आणि त्यांच्या पुढे हंगामी फुलांची रांग धरावी, असे आमचे ठाम मत आहे.

यांत पहिला मान कोरांटीचा. पिवळी कोरांटी काटेरी असते आणि कुंपणाला उत्तम. जांभळी, पांढरी आणि पट्ट्यापट्ट्यांची कोरांटी बिनकाट्याची असते व दाराशी लावता येते. ऑक्टोबर सरता सरता ती फुलू लागते आणि जानेवारीपर्यंत थांबत नाही. काळ्या मातीत, मुरमात, अर्धवट सावलीत, कुठेही ती तग धरते. सकाळी नऊच्या सुमारास तिच्याजवळ उभे राहिल्यास फुलाच्या निमुळत्या नळीत सोंड घालणारी फुलपाखरे आणि एका फुलातून मागे सरकत बाहेर पडणाऱ्या मधमाश्या दिसतात. हिवाळ्यात बागेत परागवाहक हवे असतील तर तिच्याइतके भरवशाचे झुडूप दुसरे नाही. तिची वाळलेली बोंडे पाण्याचा थेंब लागताच फुटतात आणि बी दूर उडते, त्यामुळे पावसाळ्यात आसपास आपसूक रोपे मिळतात. बहर संपल्यावर फेब्रुवारीत निम्म्यावर छाटली की झाले.

कुंद हा थंडीतला मोगरा म्हणावा असा, पण सुवास फार मंद. फांद्या लवचिक आणि झुकत्या असल्याने तो जाळीवर किंवा भिंतीच्या कडेला सोडावा. पांढऱ्या फुलांनी भरलेला कुंद डिसेंबरच्या सकाळी फार देखणा दिसतो. छाटणी बहरानंतरच करावी.

संक्रांतवेल मूळची ब्राझीलची. पण पौष-माघात नारिंगी झुबक्यांनी गच्च्या आणि फाटकांच्या कमानी झाकून टाकणारी ही वेल आता आपलीच झालेली आहे. ती लावताना दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली म्हणजे तिला दिवसभराचे ऊन आणि मजबूत आधार लागतो, कारण चार-पाच वर्षांत तिचे ओझे पत्र्याच्या शेडलाही वाकवते. दुसरी म्हणजे तिची फुले त्या वर्षीच्या नव्या वाढीच्या टोकांशी येतात, म्हणून दिवाळीची साफसफाई करताना ती कापली तर त्या हिवाळ्यात फुले मिळत नाहीत. फुले गळून गेल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये तिला हवी तेवढी कापावी.

अंगण मोठे असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर फुलणारा जांभळट-गुलाबी कांचन अवश्य लावावा. बुचाचे झाडही याच दिवसांत सुगंधी पांढरी फुले ढाळते, परंतु ते फार उंच जाते आणि वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात, म्हणून घराच्या भिंतीलगत ते लावू नये.

बोगनवेल पानांनी लदली आहे, पण रंग नाही. काय करावे?

पाणी कमी करावे. नागपूरकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे, कारण संत्र्याच्या आंबिया बहरासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतात, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. बोगनवेलीचेही तसेच आहे. पावसाळा संपल्यावर रोज पाणी मिळत राहिले तर ती वाढतच राहते. पाने किंचित माना टाकू लागेपर्यंत थांबून मग पाणी दिले, असे दोन-तीन आठवडे केले, की फांद्यांच्या टोकांना रंग दिसू लागतो. रंग दिसल्यावर पाणी बेताने नियमित करावे. कुंडी लहान असणे, दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन असणे आणि शेणखताचा मारा नसणे, या तिन्ही गोष्टी फुलांना पोषक आहेत. ज्याला आपण फूल म्हणतो ती मुळात रंगीत पुष्पपत्रे असतात व खरे फूल त्यांच्या मध्ये बसलेली इवलीशी पांढरट नळी असते. म्हणूनच हा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो.

आमच्याकडे काळी माती आहे. तिच्यात हिवाळी फुले येतील का?

जमिनीत येतील, कुंडीत मात्र निव्वळ काळी माती भरू नये. ती ओली असताना चिकट होते, वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि मग घातलेले पाणी मुळांना न मिळता कडेकडेने खाली निघून जाते. कुंडीसाठी दोन भाग मुरमाड किंवा लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग कन्हानसारख्या नदीची जाड वाळू हे मिश्रण चांगले. शेणखत हातात चुरल्यावर मातीसारखा वास आला पाहिजे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी आणि वाळवी घरी येतात. जमिनीत लावताना वाफा सहा इंच उंच करावा आणि पाणी चार-पाच दिवसांनीच द्यावे, कारण काळी माती थंडीत ओल फार काळ धरून ठेवते.

फ्लॅटच्या गॅलरीत फुले का येत नाहीत?

गॅलरीची दिशा पाहावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात नागपुरात भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. त्यामुळे जी दक्षिणेची गॅलरी मे महिन्यात सावलीत असते, तिच्यात डिसेंबरमध्ये ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येते, आणि हिवाळी फुलांसाठी तीच सर्वोत्तम जागा ठरते. पूर्वेच्या गॅलरीत पिटुनिया, डायन्थस व पॅन्सी चांगली येतात, पश्चिमेला झेंडू आणि बोगनवेल. उत्तरेच्या गॅलरीत या काळात ऊन येतच नाही. तेथे फुलांचा अट्टहास न करता पर्णशोभेची झाडे ठेवावीत.

गच्चीवर बाग करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. उन्हाळ्यासाठी बांधलेली हिरवी जाळी ऑक्टोबरच्या अखेरीस न विसरता काढावी किंवा गुंडाळून ठेवावी. निम्मा उजेड अडवणाऱ्या जाळीखाली झाडे उंच, फिकट आणि फुलांविना वाढतात, आणि मग लोक महागडी खते टाकत राहतात.

पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. हा कोणता रोग?

हा रोग नव्हे, लोहाची कमतरता आहे, आणि बोअरवेलच्या पाण्यावर वाढलेल्या पिटुनिया, गुलाब व एक्झोरा यांवर ती हमखास दिसते. जड पाणी आणि चुनखडीयुक्त माती यांमुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. लीटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे, किंवा चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले, लोह वापरावे. जुनी पाने हिरवी होतीलच असे नाही, नव्या पानांचा रंग पाहावा. शक्य असल्यास कुंड्यांना नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

कळ्यांवर काळा-हिरवा मावा आणि पानांवर पांढरी भुकटी दिसते. घरगुती उपाय कोणता?

मावा शेवंती, गुलाब आणि नास्टर्शियमवर ढगाळ हवेत झपाट्याने वाढतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. नंतर लीटरभर पाण्यात पाच मिलिलीटर कडुनिंबाचे तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून फवारावे. फवारणी सूर्यास्ताच्या सुमारासच करावी, कारण दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. पांढरी भुकटी म्हणजे भुरी. तिच्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक लीटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारावे, पण तेलाची फवारणी आणि गंधकाची फवारणी यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, अन्यथा पाने करपतात.

थंडीची लाट आल्यावर कोणती झाडे सांभाळावीत?

नागपूरची थंडी बहुधा सौम्य असते, तरी डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे विसरून चालत नाही. हिवाळी वर्षायूंना अशा रात्रीचे काही वाटत नाही. त्रास होतो तो तुळस, जास्वंद, अबोली आणि अडेनियम यांना. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात, रात्री तिच्यावर सुती कापड टाकावे आणि सकाळी ते काढावे. प्लास्टिक पानांना चिकटून उलट अपाय करते. अडेनियम पाने गाळून झोपी जातो, त्याचे पाणी जवळजवळ बंद करावे. जास्वंदाच्या कळ्या गळल्या तरी थंडीत छाटणी करू नये, फेब्रुवारीपर्यंत थांबावे. मोगरा हिवाळ्यात फुलत नाही, ही त्याची विश्रांती आहे. जानेवारीच्या अखेरीस पाने काढून छाटणी केली आणि नंतर खत-पाणी दिले, तर मार्चपासून तो भरभरून देतो.

लहान मुले आणि पाळीव जनावरे असलेल्या घरात काय टाळावे?

कण्हेर सर्वांगाने विषारी आहे, तिची काडीसुद्धा मुलांच्या हाती लागू देऊ नये. स्वीट पीच्या शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात पण खाण्याजोग्या नसतात, म्हणून मुलांना ते स्पष्ट सांगून ठेवावे. लालपत्तीचा चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. नास्टर्शियम व कॅलेंडुला निर्धोक आहेत. नास्टर्शियमची पाने तर काकडीच्या कोशिंबिरीत मोहरीसारखा झणका आणतात, अर्थात त्यांवर कोणतीही फवारणी झालेली नसेल तरच.

कोणत्या जाती येथे चांगल्या येतात, हे प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

कृषी महाविद्यालय नागपुरात १९०६ पासून आहे आणि महाराजबाग त्याच्याच देखरेखीखाली आहे. जानेवारीत महाराजबाग आणि तेलंगखेडीच्या उद्यानांत एकेक फेरी मारावी, येथील मातीत काय फुलले आहे ते पाहावे, आणि पुढच्या वर्षीची यादी त्यावरून करावी. घरबसल्या छायाचित्रांवरून बियाणे मागवण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी खात्रीची आहे. पहाटे सीताबर्डीच्या फूलबाजारात गेल्यास हंगामातील शेवंती आणि झेंडूचे किती प्रकार येतात, याचाही अंदाज येतो.

हंगाम संपताना बी आणि डेलियाचे कंद कसे साठवावेत?

झेंडू, कॅलेंडुला, फ्लॉक्स, नास्टर्शियम आणि बिजली यांचे बी घरी धरता येते. त्यासाठी फेब्रुवारीच्या मध्यात प्रत्येक प्रकारातील सर्वांत उत्तम दोन-तीन झाडे निवडून त्यांच्यावरची फुले खुडणे थांबवावे. उरलेसुरले, शेवटचे लहान फूल बियांसाठी ठेवण्याची सवय सोडावी. संकरित पिटुनियाचे बी धरू नये, त्यातून आईसारखी झाडे येत नाहीत. फूल झाडावरच पूर्ण वाळल्यावर काढावे, आठवडाभर सावलीत पसरावे आणि कागदी पाकिटात नाव व वर्ष लिहून, हवाबंद डब्यात कोरड्या राखेच्या पुडीसह ठेवावे.

डेलियाचे खोड पोकळ असल्याने हंगामभर काठीचा आधार लागतो, आणि पाने पिवळी पडेपर्यंत ते कापू नये, कारण तोवर कंद पोसले जात असतात. मार्चमध्ये पाणी बंद करून माती सुकू द्यावी, खोड वीतभर ठेवून कापावे आणि गड्डा अलगद उपसावा. कंदांच्या मानेवर, जुन्या खोडाला लागून डोळे असतात; मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी फुटत नाही, म्हणून गड्डा साठवताना तोडू नये. कोरड्या वाळूत, घरातील सर्वांत थंड व काळोख्या जागी, कूलरच्या ओलीपासून दूर तो ठेवावा. महिन्यातून एकदा हात घालून पाहावे. कुजलेला कंद मऊ लागतो, तो त्याच वेळी काढून टाकावा. सप्टेंबरच्या अखेरीस डोळे फुगू लागले की प्रत्येक कंदाला मानेचा तुकडा आणि किमान एक डोळा येईल अशा बेताने धारदार सुरीने गड्ड्याचे भाग करावेत, कापाला राख लावून दिवसभर सुकू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी कुंडीत चार इंच खोल, आडवे लावावेत.